जागा भरली की मारता का? निवाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आमचा निवारा आहे. टिनाची दोन शेडं, एक विहीर, मागे तुरीचं वावर. कुत्री, मांजरी आणि रस्त्यावर जखमी झालेली ढोरं इथे येतात. फोनवर रोज तेच प्रश्न येतात आणि फोन उचलणाऱ्याच्या एका हातात बहुतेक वेळा बादली असते. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. फोन करण्याआधी वाचलीत तर आमचं आणि तुमचं दोघांचंही काम हलकं होईल.

निवारा भरला, जनावराला कोणी न्यायला आलं नाही, तर त्याला मारता का?

नाही. जागा नाही, पैसे नाहीत, मालक फिरकला नाही, यातलं कोणतंही कारण दयामरणाच्या रजिस्टरात लिहिता येत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत तर कायद्यालाही ते चालत नाही.

पण या उत्तरावर समाधान मानू नका. भरलेल्या निवाऱ्यात दयामरणाची सुई न लावताही जनावरं मरतात. दहा कुत्र्यांच्या जागेत पंचवीस कोंबली की दुबळ्याच्या वाट्याचं खाणं दांडगं खातं, रात्री भांडणं होतात, आणि एखादं पिल्लू पार्वो घेऊन आलं तर आठवड्याभरात अर्धी पिल्लं रक्ताची हगवण लागून जातात. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, नुसतं फिनाईल टाकून जात नाही. अशा मरणाला रजिस्टरात 'आजाराने' असं लिहिलं जातं आणि कोणाची झोप उडत नाही. 'आम्ही एकही जनावर मारत नाही' असा बोर्ड लावणं सोपं आहे. तो बोर्ड लावलेल्या ठिकाणी गेलात तर आत किती आली आणि किती जिवंत बाहेर पडली, एवढं विचारा.

म्हणून आम्ही दारातच 'नाही' म्हणतो. त्याचा राग येतो, हे आम्हाला माहीत आहे.

कायदा नेमकं काय सांगतो?

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या आधाराने २००१ मध्ये कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम आले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. भटक्या कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, हा त्यांचा गाभा.

दयामरणाला या नियमांत जागा आहे, पण अरुंद. कुत्रं बरं न होणाऱ्या आजाराने ग्रासलेलं किंवा जिवावर बेतलेल्या जखमेचं असावं. तसं निदान स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने करावं. इंजेक्शन पात्र पशुवैद्यकाने शिरेतूनच द्यावं, त्यासाठी सोडियम पेंटोबार्बिटल किंवा मान्य असलेली दुसरी वेदनारहित पद्धत वापरावी. दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करायचं नाही आणि जीव गेल्याची खात्री झाल्याशिवाय देह हलवायचा नाही. शेवटच्या दोन अटी ज्याने लिहिल्या त्याने हे काम जवळून पाहिलं असणार.

अमेरिकेत तर सर्रास मारतात म्हणे. मग तिकडचे लोक क्रूर का?

तिथली व्यवस्थाच वेगळी आहे. तिकडे रस्त्यावर कुत्रं राहू देत नाहीत, दिसलं की उचलून निवाऱ्यात नेतात. मालकाने यावं म्हणून काही दिवस थांबतात. हे दिवस राज्याराज्यांत वेगवेगळे असतात. मुदत संपली की जनावर निवाऱ्याच्या मालकीचं होतं आणि पुढे दत्तक तरी जातं, नाहीतर सुईखाली. २०२४ मध्ये तिथल्या निवाऱ्यांत सुमारे ५८ लाख कुत्री-मांजरी आल्या आणि सहा लाखांच्या आसपास मारल्या गेल्या. सत्तरच्या दशकात हाच आकडा एक कोटीच्या वर असल्याचा अंदाज आहे. तो उतरला त्यात नसबंदीचा आणि दत्तक घेणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने भटक्या कुत्र्याला सात दिवस ठेवावं लागतं. तुर्कस्तानने २०२४ च्या जुलैत रस्त्यावरची कुत्री निवाऱ्यात भरण्याचा कायदा केला, तेव्हा इतक्या कुत्र्यांना निवारे कुठे आहेत, हा प्रश्न तिथल्याच लोकांनी रस्त्यावर येऊन विचारला.

आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. एवढ्यांना पिंजऱ्यात घालून कोण पोसणार? सगळी उचला म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही बोलावं. गोळा केली की एक तर पोसावी लागतात, नाहीतर मारावी लागतात.

सेवाग्राम तुमच्यापासून जवळ. गांधीजींच्या अहिंसेत जनावराला असं मारणं बसतं का?

हा प्रश्न वर्ध्याचे जुने लोक आवर्जून विचारतात, आणि बहुतेकांना गांधीजी याच्या सरळ विरोधात असतील असं वाटतं.

१९२६ मध्ये अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आपल्या आवारात फिरणारी साठ कुत्री मारवली. गावात गदारोळ झाला, लोक गांधीजींकडे गेले, आणि गांधीजींनी साराभाईंना दोष देण्याचं नाकारलं. दुसरं काय करता आलं असतं, असा त्यांचा सूर होता. त्यावर पत्रांचा पाऊस पडला आणि त्यांनी उत्तरादाखल आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात लेखच लिहिले. बेवारस कुत्र्यांच्या झुंडी ही कुत्र्यांची चूक नाही, दयेच्या नावाखाली तुकडा टाकणाऱ्या आणि पुढची जबाबदारी न घेणाऱ्या समाजाची आहे, असं ते म्हणत राहिले. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य आजाराने तडफडत होतं. कूस बदलतानाही त्याला वेदना होत. डॉक्टरला बोलावून, स्वतः समोर उभं राहून, गांधीजींनी त्याला विषाचं इंजेक्शन देवविलं. तेव्हाही टीकेचा भडिमार झाला.

आम्हाला वासराचं पटतं, साठ कुत्र्यांचं पटत नाही. १९२६ मध्ये गावोगावी नसबंदी करण्याचा मार्ग कोणाच्या हाताशी नव्हता. आज तो आहे.

मग सुई नेमकी कोणाला देता?

ट्रकखाली येऊन पाठीचा कणा तुटलेलं, मागचा भाग पूर्ण बधिर झालेलं, लघवी अडलेलं कुत्रं. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार मेंदूत जाऊन ज्याला दिवसभर झटके येतात आणि मधल्या वेळेत माणूसही ओळखू येत नाही असं. दोन्ही किडन्या गेलेलं, तोंडाला व्रण पडलेलं, पोटात पाणीही न राहणारं म्हातारं जनावर. अशांना दोन-दोन आठवडे 'देवाच्या भरवशावर' पडू देणं याला आम्ही दया म्हणत नाही. गल्लीतलं कुत्रं असलं तर आधी पथकाचं निदान लागतं, घरचं असलं तर मालकाची लेखी संमती.

आता उलट बाजू, कारण ती जास्त वेळा दिसते. 'याला सोडवा हो, पाहवत नाही' म्हणून आणलेली कितीतरी कुत्री बरी होणारी असतात. लघवीच्या जागी रक्ताळलेली फुलकोबीसारखी गाठ दिसते ना, ती संभोगातून पसरणारी गाठ आहे. आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री ठणठणीत होतात. डोक्यात किडे पडलेली जखम भयंकर दिसते, वास तर विचारू नका, पण किडे काढून ड्रेसिंग होत राहिलं की भरते. खरजेने सगळे केस गेलेलं कुत्रं दोन-तीन महिन्यांत इतकं सुधारतं की ओळखू येत नाही. तीन पायांवर तर कुत्रं मजेत जगतं, आमच्या फाटकाला येणाऱ्या दूधवाल्याच्या गाडीमागे धावणारं पहिलं तेच असतं.

दयामरण कसं देतात? त्रास होतो का?

जनावर एकटं, आडोशाला, ओळखीच्या माणसाजवळ. आधी गुंगीचं इंजेक्शन मांसात. दहा-पंधरा मिनिटांत मान खाली येते. मग पुढच्या पायावरचे केस भादरून शीर उभी करतात, सुई शिरेत बसल्याची खात्री करतात आणि औषध सोडतात. शीर नीट बसली तर पुढचं मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. एखादा खोल श्वास नंतरही येऊ शकतो, पायाचा स्नायू थरथरतो. जवळच्या माणसाला आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो घाबरतो. डोळे उघडेच राहतात. डॉक्टर बुबुळाला बोट लावून पाहतात, पाच मिनिटं छातीला स्टेथोस्कोप ठेवून ऐकतात, मगच रजिस्टरात वेळ लिहितात.

पेंटोबार्बिटल तालुक्याला सहज मिळत नाही. पूर्ण भूल दिल्यावर वापरायची इतर औषधं पशुवैद्यक निवडतात. भूल न देता नुसतं मॅग्नेशियम सल्फेट टोचणारा कोणी भेटला तर त्याला थांबवा, जनावर शुद्धीत गुदमरतं. हे काम फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाचं आहे. कंपाउंडरचं नाही, गावातल्या 'ढोरांच्या डॉक्टर'चं नाही आणि आमचंही नाही.

आमचं कुत्रं म्हातारं झालं जी. आम्ही पुण्याला पोराकडे चाललो. ठेवून घ्याल का?

बहुतेक वेळा नाही. बारा वर्षं एका अंगणात झोपलेलं कुत्रं पंचवीस अनोळखी कुत्र्यांत आणून सोडलं की खाणं सोडतं. त्याला आमच्यापेक्षा तुमचा शेजारी बरा. शेजारी, भाचा, वावरातला सालदार, कोणीतरी तयार असेल तर महिन्याचं खाणं आणि लस आम्ही पाहू, असं आम्ही अनेकदा ठरवलं आहे आणि ते जमतं.

रात्री फाटकाला बांधून जाऊ नका. हमरस्त्यावर किंवा ढाब्यावरही सोडू नका. उपाशी-तहानलं मरेल अशा जागी जनावर टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, अजूनही. तर्री-पोह्याची प्लेट त्याहून महाग पडते, त्यामुळे कायद्याची भीती आम्ही कोणाला घालत नाही.

जंगलात सोडलं तर? तिथे मोकळं राहील.

बिबट्याच्या पोटात मोकळं राहील. आणि वाचलंच तर ताडोबा-बोरसारख्या जंगलाच्या काठाने चितळांची पाडसं मारत आणि डिस्टेंपर पसरवत फिरेल. तो आजार वाघालाही होतो.

कुत्रं हरवलं किंवा सापडलं तर किती दिवस वाट पाहता?

पट्टा असलेलं, घरचं दिसणारं जनावर आलं की फोटो गावोगावच्या ग्रुपवर जातो, पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत कळवतो, जिथे सापडलं तिथल्या किराणा दुकानात चिठ्ठी लावतो. पंधरा दिवसांनी ते दत्तक द्यायला मोकळं, हा आमचा नियम. मारायला मोकळं, असा दिवस उजाडत नाही. मालक दोन महिन्यांनी आला तर तेव्हाही बोलता येतं.

ढोरांचं वेगळं. त्यांच्यासाठी कोंडवाडा आहे आणि त्याला १८७१ चा कायदा आहे. कोंडल्यापासून सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, मग नोटीस लावून गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची. आणखी सात दिवस गेले की जाहीर लिलाव.

भाकड गाय किंवा थकलेला बैल घेता का? गोशाळेतही जागा नाही म्हणतात.

खरं सांगायचं तर विदर्भाच्या खेड्यात बेवारस जनावराचा मोठा प्रश्न कुत्र्याचा नाहीच, हा आहे.

महाराष्ट्रात गायीच्या हत्येला १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. त्यातली १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींची मंजुरी मिळून मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल-वळूंनाही ती बंदी आली. तोपर्यंत थकलेला बैल बाजारात विकून त्यात भर घालून कास्तकार नवी जोडी घ्यायचा. आता त्या बैलाला गिऱ्हाईक नाही, नांगरटीला ट्रॅक्टर आला, सोयाबीनचं कुटार हार्वेस्टरमागे वावरातच उडून जातं. पोळ्याला खांदे मळून, झूल घालून, पुरणपोळी चारून ज्याला मिरवलं, त्याला कार्तिकात रात्री दोन गावांपलीकडे सोडून येतात. आम्ही कोणाला नावं ठेवत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाने काम न करणाऱ्या बैलाला उन्हाळाभर पोसावं, ही अपेक्षा घरबसल्या करता येते. मग तो बैल दुसऱ्या कास्तकाराच्या हरभऱ्यात घुसतो, तिथे काठ्या खातो, नाहीतर रात्री महामार्गावर बसतो आणि मोटरसायकलवाल्याला घेऊन मरतो.

गोशाळा भरल्या त्याचं दुसरं कारण मुद्देमाल. चंद्रपूर-यवतमाळकडून तेलंगणाकडे जाणारा ट्रक पोलिसांनी पकडला की दाटीवाटीने भरलेली ढोरं रातोरात जवळच्या गोशाळेत उतरतात आणि खटला चालेपर्यंत तिथेच राहतात. त्यांच्या देखभालीचे नियम २०१७ मध्ये झाले, पण चारा रोज लागतो आणि तारीख वर्षाने पडते. राज्य सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. तीनशे किलोच्या गायीला दिवसाला आठ-नऊ किलो तरी कोरडा चारा लागतो, थोडी ढेप आणि उन्हाळ्यात पन्नासेक लिटर पाणी. पन्नास रुपयांत हे बसवून दाखवणारा आम्हाला भेटायचा आहे.

आम्ही फक्त जखमी किंवा आजारी ढोर घेतो, बरं झालं की मालकाकडे परत. उठता न येणारी गाय आली तर पट्ट्याने उचलून उभी करतो, दर तीन-चार तासांनी कूस बदलतो, कॅल्शियमवर काही उठतातही. जी उठत नाही आणि जिच्या खुब्याचं हाड जखमेतून दिसायला लागतं, तिच्यासाठी १९६० च्या कायद्यातलं कलम १३ आहे. मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल तर शिपायाहून मोठ्या हुद्द्याचा पोलीस अधिकारी त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावतो. जिवंत ठेवणं क्रूरपणाचं आहे असा दाखला अधिकाऱ्याने दिला की दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यायचा. गोवंश म्हटलं की सगळेच जपून पावलं टाकतात आणि कागद फिरेपर्यंत गाय बहुतेक वेळा स्वतःच जाते. याला आम्ही धर्म मानायला तयार नाही, पण कागदाशिवाय हातही लावत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने कुत्री उचलायला सांगितली आहेत. आमच्या शाळेतली आजच घेऊन जा.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आधी सगळी निवाऱ्यात ठेवा असा आदेश आला. ११ दिवसांत तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडा असं ठरलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन, क्रीडासंकुलं इथली कुत्री काढून निवाऱ्यात ठेवा, तिथेच परत सोडू नका, असं आहे. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. आम्ही दोन शेडांचे धनी, ग्रामपंचायतीला पत्र द्यायला मदत करू. शाळेच्या आवाराची भिंत आणि पोषण आहाराचं उष्टं, ही दोन कामं मात्र आजच होण्यासारखी आहेत.

पिल्लं घेता का?

डोळे न उघडलेली पिल्लं आईजवळच राहू द्या. पोत्यात भरून आणलेली पिल्लं आमच्याकडे जगत नाहीत, हे कडू वाटलं तरी ऐकून ठेवा. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम, त्यानंतर त्रेसष्ट दिवसांच्या आसपास, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, गावभर पिल्लंच पिल्लं. थंडीत गोणपाट आणि आईला भाकरी द्या. पिल्लं जरा मोठी झाली की घरं शोधू, आणि आईची नसबंदी करू. घरच्या कुत्रीची नसबंदी मालकानेच करायची असते. २०२३ चे नियमही तेच सांगतात.

कुत्रं पिसाळलंय असं वाटतं. गोळी घालायची का?

नको. कोंडून ठेवा, जवळ जाऊ नका, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. नियमाप्रमाणे रेबीजचं दाट लक्षण असलेलं कुत्रं वेगळं ठेवायचं आणि ते स्वतःहून मरेपर्यंत थांबायचं, साधारण दहा दिवसांच्या आत ते जातं. लुळं पडून लाळ गाळणाऱ्या जनावराला असं ठेवणं आम्हाला पटत नाही, पण पाळतो.

चावलं असेल तर आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. डोस मध्येच सोडू नका. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर उपाय नाही.

गावाने ठरवलं, पोळीत औषध घालून कुत्री संपवायची. तुमचं काय म्हणणं?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. फवारणीचं औषध घातलेली पोळी कोणाची बकरी खाईल, हेही सांगता येत नाही. आणि कुत्री संपली की रानडुकरं आणि रोही रात्री वावरात येतील तेव्हा भुंकणार कोण?

मेलेल्या जनावराचं काय करता?

सहा फूट खोल खड्डा, मीठ-चुना, वर काटे. ही बाब आम्ही फार कडक पाळतो. दयामरणाचं औषध देहात राहतं आणि तो देह खाणारं गिधाड, कोल्हा, कुत्रं सगळं विषबाधेने मरू शकतं. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहं चालवली, तिथे मेलेली ढोरं टाकतात. असा देह चुकूनही तिकडे जाता कामा नये. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेली ढोरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून ते औषध २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकही. कोणी अजून माणसांची डायक्लोफिनॅकची बाटली ढोराला टोचत असेल तर त्याला मेलोक्सिकॅम मागायला सांगा.

माकड, साप, घोरपड?

वनविभाग. त्यांची हेल्पलाइन हॅलो फॉरेस्ट, नंबर १९२६.

दत्तक घ्यायचं असेल तर काय लागतं?

आधारची प्रत, घरातल्या सगळ्यांचा होकार आणि सावली. मे महिन्यात नवतपात पारा ४५ च्या वर जातो, त्या दिवसांत टिनाखाली साखळीला बांधलेलं कुत्रं दुपारपर्यंत टिकत नाही. कुत्रं नसबंदी आणि लस झालेलं मिळेल, पैसे घेत नाही. महिन्याभरात एकदा आम्ही घरी येऊन पाहू, चहा लागत नाही. जमलं नाही तर परत आणा, कारण विचारू पण भांडणार नाही. काळी कुत्री आणि म्हाताऱ्या मांजरी सगळ्यात जास्त दिवस पडून राहतात, त्यांच्याकडे एकदा नजर टाकून मग ते गोरं लॅब्राडॉर मागा. सकाळी आठ ते अकरा या. दुपारी सगळेच झोपलेले असतात, आम्हीसुद्धा.